बातम्या निवडल्या कोणी? फीड, वर्तमानपत्र आणि शेवटच्या पानाच्या तळाची ओळ

रातपाळी

घरात पेपर येत असेल तर शेवटचं पान उलटून अगदी तळाशी बघा. बारीक टायपात दोन-तीन ओळी असतात. हे वर्तमानपत्र अमुक मालकांसाठी अमुक यांनी तमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केलं, संपादक अमुक, आणि पुढे ‘पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीस जबाबदार’. डेस्कवर तिला प्रिंटलाइन म्हणतात. पीआरबी म्हणजे ‘प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स’. मूळ कायदा १८६७ चा, इंग्रजांनी आणलेला. छापणाऱ्याला पकडणं सोपं जावं हा त्यांचा एक हेतू होता, वाचकाचं भलं वगैरे काही मनात नव्हतं. आता त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आलाय, १ मार्च २०२४ पासून लागू आहे. पण अंकामागे कोण आहे हे सांगायची रीत टिकून आहे.

मी एका जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बरीच वर्षं रातपाळी केली. ‘निवड’ म्हणजे काय ते तिथे कळतं. रात्री पान एक लागत असतं. लीडला, म्हणजे पानाची मुख्य बातमी म्हणून, काय घ्यायचं? जिल्हा परिषदेच्या सभेत टँकरच्या बिलांवरून झालेला गोंधळ, की मुंबईहून आलेली नटाच्या लग्नाची बातमी? लग्नाची बातमी जास्त वाचली जाणार हे डेस्कवर प्रत्येकाला माहीत असतं. तरी बहुतेक रात्री टँकर लीडला जायचा आणि लग्न आतल्या पानावर, कारण टँकरची बातमी आम्ही दिली नाही तर ती दुसरं कुणी देणार नव्हतं. चुकीची निवड झाली तर सकाळी फोन यायचे, लोक ऑफिसात येऊन टेबलासमोर उभे राहायचे.

आता फीडकडे वळू, म्हणजे फोनवर एकाखाली एक सरकत येणाऱ्या पोस्टांकडे. फेसबुकने ‘न्यूज फीड’ आणलं सप्टेंबर २००६ मध्ये. तेव्हा त्यात बातम्या नव्हत्याच, मित्रांच्या हालचाली होत्या, आणि आपलं खाजगी आयुष्य असं सगळ्यांसमोर मांडलं जातंय म्हणून वापरणारेच खवळले होते. २०१३ च्या मार्चमध्ये झुकेरबर्ग यांनी जाहीर केलं की प्रत्येकाला जगातलं सर्वोत्तम, ज्याचं त्याला जुळणारं वर्तमानपत्र द्यायचंय. वर्तमानपत्र हा शब्द त्यांचा. २०१५ मध्ये ‘इन्स्टंट आर्टिकल्स’ आले. न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन, बीबीसी यांच्यासारख्यांनी आपला मजकूर थेट फेसबुकच्या आत द्यायला सुरुवात केली. मग व्हिडिओचा जोर आला. व्हिडिओच चालतोय असं आकडे सांगत होते, म्हणून अमेरिकेत काही प्रकाशनांनी लिहिणारी माणसं काढून कॅमेरेवाली घेतली. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकनेच मान्य केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो तो आकडा फुगवून दाखवला जात होता. गेलेल्या नोकऱ्या परत आल्या नाहीत.

जानेवारी २०१८ मध्ये धोरण पालटलं. आता घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना प्राधान्य, बातम्यांचा वाटा साधारण ५ टक्क्यांवरून ४ वर, असं झुकेरबर्ग यांनीच सांगितलं. २०२३ मध्ये कंपनी म्हणत होती की बातम्या ३ टक्क्यांहूनही कमी आहेत, लोक त्यासाठी आमच्याकडे येतच नाहीत. त्याच वर्षी इन्स्टंट आर्टिकल्सही बंद झाले. सर्वोत्तम वर्तमानपत्रापासून इथवर यायला दहा वर्षं लागली. तेवढ्या काळात जगभरच्या वर्तमानपत्रांनी आपले वाचक उचलून त्या दारात नेऊन ठेवले होते.

माझं म्हणणं एवढंच आहे. फीडसुद्धा निवड करतं. पान एक लावण्यापेक्षा कितीतरी कडक निवड, प्रत्येक माणसासाठी वेगळी, दिवसातून शंभरदा. मग त्या निवडीखाली कुणाचं नाव का नसावं?

---

पंचविशी

धागा आवडला. पण मी दुसऱ्या बाजूची आहे, तेव्हा स्पष्टच लिहिते.

माझ्या वयाच्या कुणाच्याही खोलीवर पेपर येत नाही. बातमी मला इन्स्टाग्रामवर कळते. ११ मार्च २०२१ ला, १४ तारखेची एमपीएससीची पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याचं समजलं आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. मी तेव्हा पेठेत राहून अभ्यास करत होते. काय चाललंय, कुठे जमायचंय, पोलिस कुठे आहेत, हे सगळं फोनवरच्या लाइव्हमधून कळत होतं. पेपरात आलं दुसऱ्या दिवशी. छान आलं, पण दुसऱ्या दिवशी.

आणि प्रिंटलाइनचं इतकं कौतुक करताना पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला प्रचार, विसरायचा का? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याचं गुणगान करणारा तोच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत, वेगवेगळ्या लेखकांच्या नावाने शब्दशः छापून आला होता. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त ते उघडकीला आणलं. त्या प्रत्येक अंकाच्या तळाशी जबाबदार संपादकाचं नाव होतंच की.

---

ओटावाकर

इथे कॅनडात हा प्रयोग अख्ख्या देशावर झालाय, म्हणून लिहितो.

२२ जून २०२३ ला ऑनलाइन न्यूज अ‍ॅक्ट मंजूर झाला. बातम्यांच्या लिंक्सवर व्यवसाय करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी वृत्तसंस्थांशी बोलणी करून मोबदला द्यावा, असा कायदा. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिने बोलणी न करता १ ऑगस्टपासून कॅनडातल्या फेसबुक-इन्स्टाग्रामवरून बातम्या काढायला सुरुवात केली. इथली सार्वजनिक वृत्तवाहिनी सीबीसी नाही, गल्लीतलं साप्ताहिक नाही, परदेशी वृत्तपत्रंही नाहीत. आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणी पुण्या-मुंबईच्या पेपरची लिंक टाकली तरी इथल्यांना ती दिसत नाही.

दोन-तीन आठवड्यांतच उत्तरेला वणवे पेटले. १६ ऑगस्टला यलोनाइफ शहर रिकामं करायचा आदेश निघाला. सुमारे २०,००० लोक, बाहेर पडायला एक महामार्ग आणि विमानं. त्या भागात लोक बातम्यांसाठी फेसबुकवरच जायचे. रस्ता कुठवर चालू आहे, पेट्रोल कुठे मिळतंय, आग किती किलोमीटरवर आली, याची बातमी स्थानिक पत्रकार चोवीस तास देत होते आणि तिची लिंक कुणाला पाठवता येत नव्हती. लोक बातमीचा स्क्रीनशॉट काढून टाकायचे. स्क्रीनशॉट चालायचा. पण तासाभरापूर्वीचा स्क्रीनशॉट आणि आत्ताची बातमी यात वणव्याच्या वेळी फार अंतर असतं. पंतप्रधानांनी जाहीर टीका केली, मेटाने बंदी उठवली नाही.

गूगलने मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दरवर्षी १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं कबूल केलं. म्हणजे बोलणी करून मार्ग निघू शकत होता.

पंचविशी, तुमचा लाइव्हचा मुद्दा पटतो. माझी भीती अशी की ज्या दिवशी इन्स्टाग्राम नावाच्या खोलीचा मालक दिवा बंद करतो त्या दिवशी तुमच्याकडे दुसरी खोलीच नसते.

---

यारातीर

मेलबर्नहून पुरवणी. आमच्याकडे हे फेब्रुवारी २०२१ मध्ये होऊन गेलं. एका सकाळी उठलो तर फेसबुकवर एकही बातमी नाही, आणि त्या दणक्यात हवामान खात्याचं, काही राज्यांच्या आरोग्य खात्यांचं, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या अग्निशमन विभागाचं पानही कोरं. कोरोनाच्या लसी सुरू व्हायला चारेक दिवस होते. सरकारी पानं लगेच परत आली. बातम्यांचा मोबदला द्यायला लावणाऱ्या प्रस्तावित कायद्यात काही बदल कबूल झाल्यावर आठवड्याभरात बातम्याही आल्या आणि २५ फेब्रुवारीला कायदा संमत झाला. पैसे मिळाले, पण मोठ्या माध्यमसमूहांना जास्त. आमच्या उपनगरातल्या लहान पेपरांचा त्यात फारसा फायदा झालेला मला दिसला नाही.

---

खडूफळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे फीड म्हणजे मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप. एक गोष्ट फोटोसकट दाखवायची होती, इथे चढत नाहीये, म्हणून शब्दांत सांगतो.

दर पावसाळ्यात, जरा जोराची सर आली की पालकांच्या ग्रुपवर एक कात्रण फिरतं: ‘अतिवृष्टीमुळे उद्या जिल्ह्यातील शाळांना सुट्टी’. खऱ्या पेपरातलं, खरं कात्रण. बातमी खरी, जिल्हाधिकाऱ्यांचं नाव खरं. फक्त कधीची ते कळत नाही. कारण पानाच्या डोक्यावरची पट्टी, जिच्यात पेपरचं नाव, गाव, वार-तारीख, पान क्रमांक असतो, ती नेमकी कापलेली असते. जिल्हाधिकारी केव्हाच बदलून गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा. विशेषतः लांबच्या वस्तीवरची मुलं येत नाहीत आणि त्या दिवशी त्यांचं शाळेतलं जेवणही बुडतं.

मी आता सहावी-सातवीला एक तास यावरच घेतो. पेपर घेऊन बसायचं. ती पट्टी शोधा. बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव शोधा. ‘प्रतिनिधी’ लिहिलंय की वृत्तसंस्थेचं नाव? मग फोनवरचं कात्रण समोर ठेवतो आणि यातलं काय काय नाही ते सांगायला लावतो. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर पकडतात. एका मुलीने घरी जाऊन आजोबांचे दोन फॉरवर्ड अडवले.

---

रातपाळी

खडूफळा सर, त्या पट्टीला आम्ही फोलिओ म्हणतो. तुमचा तास प्रत्येक शाळेत व्हायला हवा, हे अगदी मनापासून.

पंचविशी, पेड न्यूजबद्दल तुमचा शब्द न् शब्द मान्य. त्या काळात डेस्कवर बसलेल्यांना तो मजकूर कुठून येतो हे दिसत होतं आणि बहुतेकांनी मान खाली घालून पानं लावली. पण बघा, ते पकडलं गेलं कसं? तीन पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि मजकूर तोच निघाला. छापलेलं पान सगळ्यांना सारखंच मिळतं, ते जपून ठेवता येतं, पुरावा म्हणून पुढे करता येतं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पुढे त्यावर अहवालही केला. तुमच्या फीडवर आज सकाळी काय आलं आणि माझ्या फीडवर काय, हे शेजारी ठेवून कोण बघणार? उद्या तुम्हालाही ते परत सापडणार नाही.

फीडच्या आतलं थोडंफार कळलं तेही फेसबुक कंपनीतल्याच एका कर्मचारी बाईंनी २०२१ मध्ये कागद बाहेर आणले म्हणून. त्यातून समोर आलं की २०१७ पासून काही काळ, पोस्टवरच्या रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. प्रेमाच्या आणि हसण्याच्या इमोजीलाही तेवढंच होतं, पण राग आणणाऱ्या पोस्टमध्ये खोटी माहिती जास्त असते हे त्यांच्याच लोकांना आढळलं होतं. नंतर रागाचं वजन शून्य केलं. डेस्कवर कुणी ‘लोक चिडतील अशी बातमी वर घ्या’ म्हटलं असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

---

खान्देशी

मी साक्री तालुक्यातला. हा विषय निघाला की राईनपाडा डोळ्यांसमोर येतं.

१ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आमच्या भागात आले होते. त्याआधी कित्येक दिवस मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज आणि व्हिडिओ फोनाफोनांतून फिरत होते. एका लहान मुलीशी बोलताना त्यांना कुणीतरी पाहिलं, आणि पुढे जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. पाचही जणांना.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने काय केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. आणि त्याच महिन्यात खोटी माहिती कशी ओळखायची हे सांगणाऱ्या पानभर जाहिराती दिल्या. कुठे? वर्तमानपत्रात.

फेसबुकचंही तेच. २०१५ च्या डिसेंबरात निवडक संकेतस्थळं फुकट देणाऱ्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेसाठी आपल्या देशातल्या पेपरांत पानंच्या पानं जाहिराती होत्या, मग ८ फेब्रुवारी २०१६ ला दूरसंचार नियामक ट्रायने तसल्या योजनांना मनाई केली. लोकांची फेसबुकवरची माहिती परस्पर निवडणूक प्रचारासाठी वापरल्याच्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणानंतर मार्च २०१८ मध्ये झुकेरबर्ग यांची माफी छापून आली तीही इंग्लंड-अमेरिकेच्या पेपरांत पानभर. ज्यांच्याकडे अब्जावधी लोकांच्या डोळ्यांपुढे हवं ते ठेवायची ताकद आहे, त्यांना लोकांचा विश्वास हवा असला की कागदावर यावं लागतं.

आमच्या भागात ती अफवा खोटी आहे हे त्या आठवड्यांत कुणी ठळक छापून वाड्या-वस्त्यांवर पोचवलं असतं तर? माझ्या मनातून हा प्रश्न जात नाही. पाड्यावर पेपर पोचतच नाही. मोबाइलची रेंज पोचली, पेपरची गाडी पोचली नाही.

---

पहाटेचा गठ्ठा

मी विक्रेता. वडिलांची लाइन मी चालवतो. चारला डेपोवर गठ्ठे उतरतात, पुरवण्या भरायच्या, साडेपाचला पोरं सायकली काढतात.

आमची कंबर खरी मोडली ती २०२० मध्ये. पेपरच्या कागदावरून कोरोना येतो हा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. गेटवर वॉचमन अडवायला लागले. मग एप्रिलमध्ये सरकारनेच घरोघरी पेपर टाकायला मनाई केली. काही दिवसांत बऱ्याच ठिकाणी ती शिथिल झाली, पण तुटलेली लाइन पुन्हा जुळत नाही. महिनाभर पेपरावाचून राहिलेल्या माणसाला सवय सुटते. त्या सोसायट्यांतली बरीच गिऱ्हाइकं परत आलीच नाहीत. दूधवाल्याला, भाजीवाल्याला कुणी कायमचं बंद केलं नाही.

बाकी शहाणपण तुम्ही लोक सांगाल. मी एवढंच बघतो की पान एकवर अख्खी जाहिरात असली की गिऱ्हाईक मला विचारतं, “बातम्या कुठे गेल्या?”

---

वकिलीण

रातपाळी, तुमच्या मूळ प्रश्नावर कायद्याच्या अंगाने.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७९ मुळे मध्यस्थाला, म्हणजे या कंपन्यांना, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून संरक्षण मिळतं. त्या कलमातली एक अट वाचा: मध्यस्थाने संदेश स्वतः सुरू केलेला नसावा, तो कोणाला मिळणार ते ठरवलेलं नसावं, आणि त्यातली माहिती निवडलेली किंवा बदललेली नसावी. २००८ च्या दुरुस्तीत हे लिहिताना डोळ्यांसमोर टपालखात्यासारखं काहीतरी असणार. आजचं फीड नेमकं तेच करतं, कोणाला काय दिसणार ते ठरवतं. ही अट दुसऱ्या एका अटीला पर्याय म्हणून येते, त्यामुळे न्यायालयात गोष्ट इतकी सरळ नाही. पण मूळ कल्पना किती जुनी झालीय ते दिसतं.

तरीही संपादकाला लावतो तीच जबाबदारी सरसकट फीडला लावा, याला माझा विरोध आहे. तसं झालं तर कंपन्या भीतीपोटी जे जे वादग्रस्त ते ते काढून टाकतील, आणि पहिला बळी जाईल पंचविशी म्हणतात त्या लाइव्हचा. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थाचं दायित्व न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशापुरतं सीमित केलं ते याच काळजीने.

युरोपने मधला रस्ता घेतलाय. तिथल्या डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टनुसार फार मोठ्या मंचांना, माणसाची सवय-आवड न जोखता लावलेलं फीड हा निदान एक पर्याय द्यावाच लागतो, आणि शिफारशी कोणत्या मुख्य निकषांवर होतात ते अटींत लिहावं लागतं. ऑगस्ट २०२३ पासून मोठ्या मंचांना हे लागू झालं. आपल्याकडे तक्रार अधिकारी नेमायची सक्ती आहे, पण निवडीबद्दल असं काही नाही. मागायचं असेल तर हे मागा.

---

पंचविशी

वकिलीणबाई, वाचून लगेच शोधलं. फेसबुकवर ‘फीड्स’ नावाचा वेगळा टॅब आहे, त्यात पोस्ट वेळेच्या क्रमाने येतात. २०२२ पासून आहे म्हणे, मला आज कळलं. आमच्या जिल्ह्याच्या पेपरचं पान फॉलो केलं आणि दिवसभर बघितलं.

आता खरं सांगते काय दिसलं. राशिभविष्य. एका अभिनेत्रीचे साडीतले फोटो. ‘या एका चुकीमुळे...’ असं अर्धवट शीर्षक, पुढचं वाचायला क्लिक करा. क्रिकेट. संध्याकाळी धरणाचा विसर्ग वाढवल्याची एक खरीखुरी बातमी, तीही दोन ओळींची. म्हणजे मधली निवड काढून टाकली तरी पेपर स्वतःहूनच मला हे देतोय. टँकरची बातमी लीडला घेणारे तुम्ही लोक इथे का नाही आहात?

---

रातपाळी

कारण ते डेस्क वेगळं असतं. बहुतेक समूहांत संकेतस्थळ आणि सोशल मीडियाची टीम मुख्यालयात बसते. मुलं हुशार असतात, पण दिवसाला अमुक इतक्या बातम्या आणि इतके पेजव्ह्यूज असं टार्गेट डोक्यावर असतं. तालुक्याच्या वार्ताहराने पाठवलेली टँकरची बातमी त्यांच्यापर्यंत येते तेव्हा ती वीस जणांनी वाचली तर नशीब, म्हणून कुणी हात लावत नाही. तो वार्ताहर स्वतः पगारी नसतो, जाहिराती आणून कमिशनवर घर चालवतो. तेव्हा पहिली मागणी पेपरवाल्यांकडेच करायला हवी, मेटाकडे नंतर.

एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते. जिल्हा आवृत्तीचं पान एक रोज सकाळी सहा वाजता, जसंच्या तसं, फोलिओसकट, फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवर टाकायचं. पीडीएफ रात्रीच तयार असते, वेगळा माणूस लागत नाही. पाड्यावर गाडी जात नसेल तर निदान हे जाईल, आणि सगळ्यांना एकच पान दिसेल. गठ्ठाभाऊ, याने तुमची विक्री कमी होईल अशी शंका येईल, पण मला वाटतं आतल्या पानांसाठी अंक लागतोच. तुमचा अनुभव काय सांगतो ते लिहा.

माझ्या जुन्या ऑफिसात सोमवारी जाऊन हे मांडणार आहे. पंचविशी, तुम्ही वाचक म्हणून संपादकांना मेल टाकलात तर त्याला माझ्या बोलण्यापेक्षा जास्त वजन येईल.

---

पहाटेचा गठ्ठा

विक्री कमी नाही होणार. पान एक बघून निधनवार्ता आणि बाजारभावासाठी लोक अंक मागतातच. फक्त सहाला नको, सातला टाका. पोरं तोवर लाइनवर असतात.